मुद्देमाल जेवला

झाशीला भाड्याचं घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला तीन प्रश्न विचारले. मी चालताना टाच आपटते का, मसाला घरी कुटते का, आणि शिवणाचं मशीन पायाचं आहे की मोटरचं. माणसं किती, कुठली, अंडी-मटण चालतं का, यातलं काही नाही. टाच आपटत नाही असं मी सांगितलं. तर त्यांनी मला खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवायला लावलं आणि स्वतः चप्पल काढून, डोळे मिटून, भिंतीवर पंजा टेकवून उभे राहिले. मी चालले.

"डावा पाय जरा भारी पडतो," ते म्हणाले. "पण चालेल जी."

मला बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा माझं चालणं इतकं मन लावून पाहिलं नव्हतं.

आमचे हे सैन्यात. बदली झाशीजवळच्या बबीन्याला झालेली, क्वार्टर मिळायला वर्षभर तरी लागेल असं सांगितलेलं, म्हणून सिविल लाइंसमधल्या या घराचा वरचा मजला आम्ही घेतला. मी मिरजेची. झाशीत मराठी बोलणारे घरमालक मिळाले याचाच मला केवढा आनंद. आईला लगेच फोन करून कळवलं. तळमजल्यावर साप आहे हे कळवलं नाही, कारण ते मलाच तिसऱ्या दिवशी कळलं.

सगळी कॉलनी त्यांना 'भाऊ जी' म्हणायची. इकडे मराठी माणूस म्हटला की तो भाऊच, आणि मान द्यायचा म्हणून वर जी. माझ्या मिरजेच्या कानाला ते नात्यातले भाऊजी वाटायचं आणि हसू यायचं. मी काका म्हणायचे. ते मला सूनबाई म्हणत. घरात राहणाऱ्या कुठल्याही लग्न झालेल्या बाईला ते सूनबाईच म्हणत. सत्तरी ओलांडलेले, उंच, खांद्यात वाकलेले. पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले, एवढंच त्यांना मालूम होतं आणि त्याहून जास्त मालूम करून घ्यायची इच्छा नव्हती. त्यांची स्वतःची सगळी नोकरी बिजौलीच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात गेली, शेवटी फोरमन म्हणून. यंत्रांच्या आवाजानं उजवा कान पार गेलेला, डाव्यात यंत्र. पण हाताला अजब जाण होती. चालत्या मशीनवर पंजा ठेवून ते म्हणत की हिचं बेअरिंग पुढच्या आठवड्यात जाणार, आणि ते जायचं.

तर तिसऱ्या दिवशी मी शिवायला बसले होते. माझं ब्लाउज शिवायचं काम आहे, लष्करातल्या बायकांच्या ऑर्डरी घेते. दहा मिनिटांत काका अनवाणी जिन्यावर. मला वाटलं आवाजाचा त्रास झाला. ते म्हणाले, "आवाज मला कुठे येतो? हादरा येतो. आणि त्यालाही हादराच येतो." त्याला म्हणजे कोणाला, असं मी विचारलं. "खाली पाहुणा आहे," म्हणाले, आणि माझं मशीन उलटं करून त्याचा ढिला झालेला स्क्रू आवळायला बसले. दुसऱ्या दिवशी मशीनच्या चारी पायांखाली जाड रबराचे तुकडे आले, कुकरच्या ओट्यावर रबर, पलंगाखाली रबर. पाहुणा म्हणजे साप हे मला काकूंनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, जसं काही माहेरचं कोणी राहायला आलंय.

हे सगळं सुरू झालं ते कारखान्याच्या गोदामात एक धामण जाळीत अडकली तेव्हा. बाकीचे काठ्या शोधत होते, काकांनी पक्कड आणून जाळी कापली. वनखात्याचा माणूस आला, त्यानं जखमा बघितल्या आणि भरून येईपर्यंत कुठे ठेवायची यावर डोकं खाजवलं. काका म्हणाले, माझ्याकडे. ती काही खाईना. अकराव्या दिवशी काकांच्या लक्षात आलं की भिंतीवर पंख्याची सावली फिरते, तिला तीच शत्रू वाटत असणार. पंखा बंद केला, त्याच संध्याकाळी धामणीनं उंदीर घेतला. तेव्हापासून बिनविषारी, घाबरलेला, अन्नाला तोंड न लावणारा साप कुठे सापडला की वनखात्याचे लोक पिशवी घेऊन दारात. परवानगीचा कागद काकांनी चौकटीत लावून देवाच्या तसबिरीशेजारी टांगला होता. कोणी 'भाऊ जी साप पाळतात' असं म्हटलं तर ते फार चिडत. "पाळणं जुर्म आहे. मी सांभाळतो. बरा झाला की आपल्या घरी जातो."

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी लपायला जागा, मग पाणी, मग वेळ, जेवण चौथं. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हात लावायचा नाही. उंदीर जिवंत सोडायचा नाही, तो उलटा सापालाच चावतो. धान्याच्या दुकानातल्या पिंजऱ्यातून आणलेला, मारलेला उंदीर कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून ऊब द्यायची, संध्याकाळी उजेड उतरताना चिमट्यानं सापाच्या काचेच्या पेटीत ठेवायचा आणि निघून यायचं. त्या वाटीच्या बुडाला काकूंनी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. "चुकून वर आली तर आमटी नका वाढू हं त्यात," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं.

पंचाईत अशी की काका ही पद्धत माणसांनाही लावत. पुतण्याची नवी बायको घरात आली तेव्हा पंधरा दिवस तिच्याशी कोणी बोलायचं नाही असा त्यांनी हुकूम काढला. बिचारीला वाटलं सासरचे नाराज आहेत; ती सोळाव्या दिवशी ग्वाल्हेरला माहेरी निघून गेली. तिला आणायला शेवटी काकूंना जावं लागलं. माझ्याही बाबतीत पहिले दोन आठवडे त्यांनी मान वर करून बघितलं नाही. जिन्याच्या पायरीवर कधी पेरू, कधी डासांची अगरबत्ती ठेवलेली असायची आणि ठेवणारा गायब. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, माणूस गर्विष्ठ दिसतो.

मी राहायला गेले तेव्हाचा पाहुणा एक मांडूळ होता. इकडे त्याला दोमुंहा म्हणतात. शेपटी डोक्यासारखीच बोथट, म्हणून दोन तोंडं आहेत असा समज. तो घरात असला की धन येतं, खजिना दिसतो, अशी बरीच खुळं त्याच्या नावावर आहेत आणि म्हणून तो चोरून पकडतात आणि विकतात. हा असाच एका पकडलेल्या टोळीकडून सुटलेला. प्लास्टिकच्या डब्यात किती दिवस होता कोण जाणे, तोंड घासून घासून सोललेलं. आणि त्याला जंगलात लगेच सोडताही येत नव्हतं, कारण तो खटल्यातला पुरावा होता. मुद्देमाल. काकांनी सही केलेल्या कागदावर लिहिलं होतं: 'एक अदद दोमुंहा साँप, जीवित'. त्यातल्या जीवित या शब्दाची काकांना धडकी भरली होती.

कारण तो खाईना. तीस दिवस झाले, बत्तीस झाले. साप महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो हे खरं, पण हा आलाच होता पाठीचा कणा दिसेल असा. काकांनी पेटीच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. वाळू बदलली. मी संध्याकाळी पाच ते आठ मशीन बंद ठेवायला लागले आणि एका सुभेदारीणबाईंचे लग्नातले सहा ब्लाउज शेजारच्या पडवीत बसून शिवले. उपयोग शून्य. त्यात कॉलनीला बातमी लागली. कोणी दुकानाच्या किल्ल्या सापाला लावून आणायला यायचं, कोणी मुलीच्या परीक्षेआधी दर्शनाला. काकूंनी सगळ्यांना सांगितलं की सापाला खरूज झाली आहे आणि ती लागते. मग गर्दी थांबली. एकच बाई आल्या, त्यांना आधीपासून खरूज होती, उलट उतरेल का म्हणून विचारायला.

दिवाळी होऊन गेली, थंडीची चाहूल लागली. थंडी आली की मांडूळ तसंही खात नाही. म्हणजे आता नाही खाल्लं तर फाल्गुनापर्यंत नाही, आणि तोवर तो टिकणार नाही. काका स्वतः जेवताना अर्ध्या पोळीवर उठायला लागले. एक दिवस सकाळी वर आले आणि म्हणाले, "सूनबाई, तुम्हाला गाडी चालवता येते ना? गुरसरायला जायचं आहे. माती आणायला."

त्यांचं म्हणणं असं की हा साप शेतातल्या बिळात वाढला. त्याला ना ही वाळू ओळखीची, ना दुकानातल्या उंदराचा वास. जिथून पकडला तिथली माती, तिथल्या उंदरांच्या बिळातली, पेटीत घातली तर त्याला वाटेल आपण घरी आहोत. पण पकडला कुठून हे कोणालाच मालूम नव्हतं. ज्यानं पकडला असा आरोप होता तो ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक चाळिशीचा माणूस, गुरसरायच्या अलीकडच्या गावचा, जामिनावर सुटलेला. त्यानं जबाबात सांगितलं होतं की आपण साप कधी बघितलाच नाही.

दोन तास गाडी चालवून आम्ही त्याच्या दारात पोचलो. तो ट्रॅक्टरखाली होता, इंजिन चालूच. काका कोण आणि कशाला आले हे कळल्यावर तो ट्रॅक्टरखालून बाहेरच येईना. आत पडल्या पडल्याच एक वाक्य म्हणत राहिला, "हमने कछू नईं पकरो, साब." त्याला वाटलं पोलिसांनीच कोणी म्हातारा पाठवलाय. काका त्याच्याकडे न बघता खाटेवर बसले. पाणी मागितलं, प्यायले. मी घड्याळ बघतेय. मग ट्रॅक्टरच्या इंजिनावर पंजा ठेवून म्हणाले की याचा तिसरा व्हॉल्व्ह बरोबर बसलेला नाही. आतून आवाज आला, हौ, तीन दिवसांपासून तोच शोधतोय.

तो बाहेर आला. हात पुसत उभा राहिला. काका त्याला म्हणाले, "तुमने नहीं पकड़ा, मान लिया. बस इतना बता दो, कहाँ से नहीं पकड़ा।"

माणसानं हातातला पाना खाली ठेवला. मग चालायला लागला आणि आम्ही रिकामी पोती घेऊन त्याच्या मागे. गावाबाहेर एका कोरड्या नाल्याच्या काठावर, बोरीच्या झुडपांखाली तो थांबला आणि पायाच्या अंगठ्यानं एक बीळ दाखवलं. "इते से नईं पकरो," म्हणाला.

काकांनी त्याला एवढंच सांगितलं की ज्यानं कोणी पकडला असेल त्याला निरोप दे, डब्याला भोकं पाडायला हवी होती. सापाचं तोंड पार सोललं आहे. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, कह देंगे.

आम्ही खणत असताना गाव गोळा झालं. काकांनी खरं तेच सांगितलं, की सापासाठी माती हवी आहे. कोणाचाही विश्वास बसला नाही. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं काकांना नाव-गाव विचारलं, मराठी आडनाव ऐकलं आणि सगळ्यांकडे वळून जाहीर केलं की हे जुन्या राजाच्या वेळचे लोक, नकाशा घेऊन आलेत. आम्ही दोन पोती माती गाडीत घालून निघालो तेव्हा मागे सात-आठ जण फावडी घेऊन नाल्याकडे चालले होते. सगळ्या वाटेनं गाडीत उंदराच्या बिळाचा वास. ह्यांनी नंतर तीनदा गाडी धुतली.

चाळून, मुंग्या काढून ती माती पेटीत गेली. पहिल्या संध्याकाळी मांडूळ मातीत शिरलं आणि दिसेनासं झालं. काकांनी त्याच मातीत उंदीर घोळवून ठेवला. सकाळी तो तसाच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या संध्याकाळी काकांना खोलीत राहवेना, ते अंगणात जाऊन उभे राहिले. आणि काकू, ज्यांना या सापांमध्ये काडीचं स्वारस्य नाही असं त्या सगळ्यांना सांगत, त्या त्याच खोलीच्या उंबऱ्यावर मटार सोलत बसल्या. वर्तमानपत्राच्या एका फटीतून त्यांनी बघितलं. मी वर जिन्यात बसले होते. काकू अनवाणी चार पायऱ्या चढून आल्या आणि एखाद्या घरात बाळ झाल्याचं सांगावं तशा हळूच म्हणाल्या, "जेवला बरं."

खाली अंगणात काकांना त्यांनी कसं सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. वरून एवढंच दिसलं की काकांनी कानातलं यंत्र काढून धोतराच्या सोग्यानं पुसलं, परत घातलं आणि त्यांना पुन्हा सांगायला लावलं.

आनंद तासभर टिकला. मग काकूंनी कॅलेंडर दाखवलं. दुसऱ्या दिवशी तारीख होती आणि मुद्देमाल न्यायालयात हजर करायचा होता. नुकत्याच जेवलेल्या सापाला हलवलं तर तो घाबरून खाल्लेलं सगळं बाहेर टाकतो आणि मग पुन्हा तोंड लावत नाही. एवढ्या दिवसांची मेहनत एका पिशवीत जाणार. काका म्हणाले, नेणार नाही. मग काय सांगाल, असं मी विचारलं. "जे झालं ते," ते म्हणाले.

सकाळी मीच त्यांना गाडीतून नेलं. न्यायालयात मागच्या बाकावर तो ट्रॅक्टरवाला बसला होता, पांढराफटक, कोणाकडेच न बघता. पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट एक मध्यम वयाच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं की साप कुठे आहे.

"हुज़ूर, उसने खाना खाया है," काका म्हणाले.

बाईंनी वर बघितलं. काकांनी हात जोडून सगळं सांगितलं, सदतीस दिवसांचा उपास, काल संध्याकाळचा उंदीर, हलवलं तर काय होतं ते. सरकारी वकील हसू दाबायला फाईलमध्ये बघत होते. बाई हसल्या नाहीत. पचायला किती दिवस लागतात, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, सात दिवस. बाईंनी लिहून घ्यायला सांगितलं की मुद्देमालाने अन्न घेतलेले असल्यामुळे तो आज हजर करता येत नाही. मग जरा विचार करून वनखात्याच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या की फोटो आणि पंचनामा कागदांत आहेतच, तर या सापाला पुन्हा इकडे आणायची गरज नाही. बरा झाला की मूळ जागी सोडून द्यावा.

मी सुटकेचा श्वास घेतला, आणि तेवढ्यात सरकारी वकील उठून म्हणाले की मूळ जागा कोणालाच ठाऊक नाही, आरोपी सांगत नाही.

बाई काकांकडे वळल्या. "आपको मालूम है, ये कहाँ का है?"

काका खोटं बोलत नसत. कॉलनीत त्यांचं नाव त्यावरच होतं. आणि खरं बोलले तर पुढचा प्रश्न होता, तुम्हाला कोणी सांगितलं. मागच्या बाकावरचा माणूस दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता.

"सात दिन, हुज़ूर," काका म्हणाले.

बाईंनी जरा मोठ्यानं विचारलं, जगह, जगह मालूम है?

"आठ भी लग सकते हैं।"

बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. काकाही त्यांच्याकडे बघत राहिले, चेहऱ्यावर बहिऱ्या माणसाचं ते जरासं लाचार हसू. मग बाईंनी लिहायला सांगितलं की वनअधिकारी आणि सांभाळणारे यांनी योग्य ती जागा पाहून सोडावा. बाहेर आल्यावर मी अगदी हळू, स्वतःशीच म्हटलं की आज कानातलं यंत्र घरी राहिलं वाटतं. "कानातच आहे," काका म्हणाले आणि झपझप पुढे चालायला लागले.

नवव्या दिवशी वनखात्याच्या जीपमधून आम्ही गेलो. योग्य जागा काकांनीच सुचवली. नाल्याकाठी गावकऱ्यांनी खजिन्यासाठी चांगली दहा-बारा ठिकाणी जमीन उकरून ठेवली होती. मांडुळाला भुसभुशीत माती लागते. ती आयती तयार होती. पिशवी उघडली, ते जरा थांबलं आणि मग डोकं खुपसून असं मातीत गेलं की शेपूट कधी दिसेनाशी झाली ते कळलंही नाही. काका परतीच्या वाटेवर जीपमध्ये झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, भूक लागली, आणि वाटेतल्या टपरीवर आठ भजी खाल्ली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला क्वार्टर मिळालं, नंतर बदलीही झाली. काकूंचा फोन असतो अधूनमधून. खटल्याचं काय झालं हे मी गेल्या महिन्यात विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, यांनाच विचारा, दोन दिवस तोंड फुगवून बसलेत, आणि फोन काकांच्या हातात दिला.

मला वाटलं त्या माणसाला मोठी शिक्षा झाली. तसं नव्हतं. निकाल अजून यायचा होता. पण परवाच्या तारखेला, साक्षी सुरू व्हायच्या आधीच, तो ट्रॅक्टरवाला आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला की साप मीच पकडला, नाल्याकाठच्या बोरीखालून, आणि डब्याला भोकं पाडली नाहीत हीसुद्धा माझीच चूक. त्याचा वकील डोक्याला हात लावून बसला. बाई त्याला म्हणाल्या म्हणे की हे आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आणि त्याची कबुली निकालात लक्षात घेतली जाईल.

मी काकांना म्हटलं, हे तर चांगलंच झालं की.

मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं म्हणणार होते.

"ऐकलं मी," काका म्हणाले. "चांगलं झालं. पण सूनबाई, त्याला जर खरंच बोलायचं होतं, तर मी कशाला बहिरा झालो?"